कादंबरी पुरावा होते का? ‘एफुरू’ वाचताना

हा प्रश्न तुम्हाला पीएचडीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारेल. मला विचारला तेव्हा मी पटकन ‘हो’ म्हणालो आणि पुढचे तीन महिने ते ‘हो’ निस्तरत बसलो. म्हणून उदाहरण घेऊनच बोलू.

आग्नेय नायजेरियातलं ओगुटा हे तलावाकाठचं इग्बो गाव. तलावातून नदीत, नदीतून नायजरकडे होड्या जायच्या. पामतेल खाली जायचं, परदेशी माल वर यायचा. फ्लोरा न्वापा याच गावच्या (जन्म 1931). त्यांची ‘एफुरू’ 1966 साली आली. नायिका शेतावर जायला साफ नकार देते आणि व्यापार करते: सुकी मासळी, जवळा. पैसा वाढतो, पण दोन लग्नं टिकत नाहीत आणि एकुलती मुलगी दगावते.

सुरुवातीच्या काही समीक्षकांची तक्रार होती की यात बायकांच्या गप्पाच फार. मला ती तक्रार उलटी वाटते. त्या गप्पा नीट ऐका: कुणाची उधारी थकली, कोण वसुलीला गेलं, कोणता माल यंदा चालला. गावातली पत कशी ठरते ते इथे कळतं. हिशेबाच्या वहीत आकडा सापडेल, पण अजानुपू दारात उभी राहून उधारी कशी वसूल करते, ते सापडणार नाही.

आता माझी चूक सांगतो. तलावाची देवी उहामिरी. ओग्बुइदे हे तिचं दुसरं नाव. इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. ओरिएला मासेमारी निषिद्ध. मी लगेच लिहिलं, ‘हे मत्स्यसंवर्धन’. कादंबरी तसं कुठेच म्हणत नाही. तो माझा अंदाज होता आणि मी तो न्वापांच्या नावावर खपवला होता. असं करू नका.

दुसरी चूक जास्त गंभीर. ‘स्वतंत्र व्यापारी स्त्री’ या चित्रावर मी इतका खूश होतो की ओगिआकडे माझं लक्षच गेलं नाही. ती कर्जदार आईबापांची मुलगी, कर्जापोटी एफुरूच्या घरी राबायला आलेली. एफुरू तिला मायेनं वागवते, हे खरं. पण नायिकेला व्यापारासाठी मोकळा वेळ मिळतो, त्यात या पोरीच्या कष्टांचा वाटा आहे. एफुरूच्या वडिलांच्या मृत्यूनंतर तोफा धडाडतात, तेव्हा निवेदनात ओझरतं येतं की अशा तोफा बाळगणारी घराणी गुलामांच्या व्यापारात होती. तेवढं सांगून कथा पुढे सरकते. माझ्या मते ही कादंबरीची खरी मर्यादा आहे: संपत्तीचा उगम तिला माहीत आहे, पण ती तिथे थांबत नाही.

मग तिथे आपण थांबायचं. ओसोमारीच्या ओमू ओक्वेई (1872–1943) या प्रत्यक्षातल्या मोठ्या व्यापारी. फेलिशिया एकेजिउबा यांनी 1967 मध्ये त्यांचं चरित्ररेखाटन लिहिलं. कर्जापोटी आलेल्या मुली आणि व्यापाराचं जाळं यांचा संबंध तिथे उघड दिसतो. ते वाचून परत ‘एफुरू’कडे या, ओगिआ वेगळीच दिसेल.

तर माझं आजचं उत्तर: हो, कादंबरी पुरावा होते. पण ती काय सांगते, काय ओझरतं सांगते आणि आपण तिच्या तोंडी काय घालतो, हे तीन रकाने वहीत वेगळे ठेवा. माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब निघाला होता.