पडद्यावरचे गवत आणि आपले माळरान

मी शिकवतो त्या महाविद्यालयात गेल्या वर्षी मुलांना बी.बी.सी.च्या ‘प्लॅनेट अर्थ’ (२००६) मालिकेतला गवताळ प्रदेशांवरचा भाग दाखवला. मुले बारामती-इंदापूरच्या खेड्यांतली. कुणाची आई उसाच्या फडात, कुणाचा बाप मेंढरांमागे. नंतर ‘माळरान कसे वाचेल?’ यावर निबंध घेतला. एकाने लिहिले : ‘मेंढपाळांना माळावर येऊ देऊ नये.’ तो स्वतः मेंढपाळाचा मुलगा.

मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली ती चित्रपटाच्या ताकदीची. ज्यात माणूस जवळपास दिसतच नाही तोच खरा निसर्ग, हे एका तासात त्याच्या मनावर ठसले. आणि स्वतःचा बाप त्याला त्या चित्रातला डाग वाटू लागला. घरात पदवी घेणारा मी पहिला. शिकताना आपल्याच माणसांची लाज कशी शिकवली जाते, हे मी भोगले आहे.

चित्रपटाने एक चांगले केले, हे मान्य केले पाहिजे. ‘पडीक’ म्हणून हिणवलेला माळ जिवंत आहे, हे मुलांना दिसले. पण वस्तुस्थिती काय आहे? सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. चिंकारा आणि लांडगा अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ते कडबनवाडीच्या माळावर, गायरानात, शेताच्या बांधावर हिंडतात. इथला लांडगा बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्यांवरच जगतो. मेंढपाळ हटवून लांडगा वाचवणार कसा? आणि दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांनी मागितली ती अशीच पडीक जमीन. हा इतिहास कोणता निसर्गपट सांगतो?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीसाठी रान पालथे घालतो आणि त्याच्या घरच्यांना गावाची डुकरे धरावी लागतात. चिमणी आणि डुक्कर यांच्यामध्ये तिथे जात उभी आहे. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. निसर्गपटाचा प्रेक्षक मात्र सुरक्षित राहतो. त्याला कुणी जाब विचारत नाही.

निसर्गपट दाखवू नयेत असे मी म्हणत नाही. पण पडदा विझल्यावर शिक्षकाने विचारले पाहिजे : चौकटीबाहेर कोणाला उभे केले आणि का? यंदा मी त्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावणार आहे. लांडगीण पिले कुठे घालते, हे त्यांना ठाऊक आहे.