सिम्पलडेटफॉरमॅट: एका क्लासचं परीक्षण

मंडळी, पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं. आज आपण जावातल्या एका क्लासचं करू. सिम्पलडेटफॉरमॅट १९९७ साली जावा १.१ बरोबर आला. कामं दोनच: तारीख अक्षरांत लिहून द्यायची आणि अक्षरांवरून तारीख ओळखायची.

साचा एकदा ठरवला की तो बदलत नाही. मग वाटतं, वस्तूही बदलत नसणार. शिवाय ती दर वेळी नवी बनवणं महाग. म्हणून आम्हीही, चारचौघांसारखं, ती स्टॅटिक फायनल केली आणि सगळ्या थ्रेडना वापरायला दिली. फायनलने वस्तूचा पत्ता पक्का होतो, आतला माल नाही, हे ध्यानातच आलं नाही.

आत एक कॅलेंडर दडलेलं आहे. फॉरमॅट करताना तारीख आधी त्यात लिहिली जाते, मग तिथूनच दिवस, महिना, वर्ष एकेक करून वाचलं जातं. म्हणजे पाटी एक आणि लिहिणारे अनेक. समजा, एका थ्रेडने १५ ऑगस्ट १९४७ लिहिली, दिवस वाचला, आणि तेवढ्यात दुसऱ्याने पाटी पुसून २६ जानेवारी १९५० लिहिली. पहिल्याच्या हाती येऊ शकतं १५/०१/१९५०. ही तारीख दोघांपैकी कुणाचीच नाही, पण दिसायला बिनचूक. तपासणीत ती अडकणार कशी? पार्स करताना कधीकधी एक्सेप्शन तरी येतं, ते बरं. गप्प राहणारी चूक कुणाच्या जन्मतारखेत जाऊन बसते आणि एकट्याने चाचणी घेतली तर पुन्हा दिसतही नाही.

डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा आहे: दर थ्रेडला वेगळी वस्तू घ्या. तो वाचला नाही, ही आमची चूक, कबूल. पण फॉरमॅट म्हटलं की आपण नुसतं वाचणं समजतो. वाचता वाचता वस्तू आतून बदलत असेल, तर दोष रचनेचा आहे. तळटीप लिहून तो झाकत नाही.

डागडुजी तीन प्रकारची. कुलूप लावलं की रांग लागते. थ्रेडलोकल वापरलं तर थ्रेड पूलमध्ये वस्तू मागे रेंगाळतात. दर वेळी नवी वस्तू करणं हे त्यातल्या त्यात सरळ. खरं उत्तर २०१४ साली जावा ८ मध्ये आलं: डेटटाइमफॉरमॅटर. तो एकदा बनला की बदलत नाही. प्रत्येक कामाची पाटी वेगळी. हे शहाणपण जोडा-टाइम या लायब्ररीत आधीपासून होतं.

आमची तक्रार एवढीच की, जुन्या क्लासवर अजून 'वापरू नका' असा शिक्का नाही. तेव्हा तो शिक्का आपणच मारू. घरी गेलात की आपल्या कोडमध्ये हे नाव शोधा, आणि त्याच्या आधी स्टॅटिक दिसलं तर तिथे थांबा.