संकलनातील अंधाराचा अर्थ : 'फेड-इन'च्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लघुपट हा आज अभ्यासक्रमाचा आणि स्पर्धांचा नित्याचा भाग झाला आहे. हे लघुपट पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांतील बहुतेक दृश्ये काळ्या पडद्यातून हळूहळू उजळत येतात. संकलनाच्या परिभाषेत यालाच 'फेड-इन' म्हणतात. ते डोळ्यांना सुखावते, यात शंका नाही. परंतु त्या अंधाराचे प्रयोजन काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

तंत्र आणि निर्णय :

चित्रफितीच्या काळात फेड-इन कॅमेऱ्याचे छिद्र हळूहळू उघडून साधत असत किंवा प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटरवर करवून घेत असत. संकलक वर्कप्रिंटवर मेणाच्या पेन्सिलीने एका बिंदूतून फाकत जाणाऱ्या दोन रेषा ओढी. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने त्याची लांबी ठरे. पुनर्मुद्रणात चित्राचा कस थोडा उतरे, खर्चही वाढे. साहजिकच फेड-इन हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असे.

संगणकीय संकलनाने ही किंमत नाहीशी केली. 'दाविंची रिझॉल्व्ह'मध्ये क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातील ठिपका आत ओढला की फेड-इन तयार होतो. 'प्रीमिअर प्रो'मध्ये क्लिपच्या आरंभी 'क्रॉस डिझॉल्व्ह' लावले किंवा अपारदर्शकता शून्यापासून शंभरापर्यंत चढवली की तोच परिणाम मिळतो. तयार संक्रमणाचा कालावधीही आधीच ठरलेला असतो. म्हणजे अंधार किती काळ टिकावा, हे अनेकदा संकलक ठरवीत नाही, सॉफ्टवेअर ठरवते. सुलभता हा दोष नव्हे. निर्णय न घेताच निर्णय झाल्यासारखा वाटणे, हा खरा धोका आहे.

जोगेश्वरीचे एक उदाहरण :

जोगेश्वरी पूर्वेतील इ.स.च्या ६ व्या शतकातील शैव लेणे आणि त्याला वेढून असलेली वस्ती, या विषयावरील विद्यार्थ्यांचा एक लघुपट मध्यंतरी पाहण्यात आला. पायऱ्या उतरून लेण्यात शिरताना बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. मग खांब, मग गाभारा, असे एकेक उमटत जाते. लघुपटातील पहिला फेड-इन येथे होता आणि तो सर्वस्वी योग्य होता, कारण तो प्रत्यक्ष पाहण्याच्या अनुभवाशी जुळत होता.

पुढे मात्र नळावरची रांग, गल्लीतली उघडी गटारे, लोकलची गर्दी ही सारी दृश्येही त्याच संथपणे उजळत आली. परिणामी आज, या क्षणी चाललेले जगणे एखाद्या जुन्या आठवणीसारखे भासू लागले. पाण्यासाठी उभ्या असलेल्या बाईची घाई त्या मऊ उजेडात विरून गेली. येथे प्रश्न केवळ सौंदर्याचा उरत नाही. वास्तवाची धार बोथट करण्याचा अधिकार संकलकाला कोणी दिला, हा नैतिक प्रश्न उभा राहतो.

मराठी चित्रपटातील अंधार :

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाच्या अखेरीकडील प्रसंग या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. सुट्टीपूर्वीचे कामकाज संपते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळोखात राहतो. चित्रपट संपला असेच प्रेक्षकाला वाटते. पण त्यानंतर न्यायाधीशांची सहल येते. हा अंधार संकलनाच्या टेबलावर चिकटवलेला नाही. तो त्या दालनातलाच आहे, आणि न्याय थांबला तरी सुट्टी थांबत नाही, हे तो अधोरेखित करतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) शेवट याच्या उलट टोकाचा आहे. जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तेथे दृश्य हळूहळू मावळते, तर प्रेक्षकाला सावरायला अवधी मिळाला असता. तो अवधी नाकारण्यातच त्या शेवटाचे सामर्थ्य आहे. दोन्ही ठिकाणी अंधार आहे, मात्र त्याचे कारण प्रसंगातूनच आले आहे.

ध्वनीचाही येथे विचार व्हावा. चित्र काळे असतानाच रांगेतल्या हंड्यांचा आवाज पूर्ण तीव्रतेने ऐकू आला, तर फेड-इनमधला मऊपणा कमी होऊन प्रतीक्षेचा ताण निर्माण होऊ शकतो. चित्र आणि ध्वनी यांचे फेड स्वतंत्रपणे ठरवण्याची सोय बहुतेक संकलन सॉफ्टवेअरमध्ये असते. तिचा उपयोग मात्र विरळाच आढळतो.

निष्कर्ष :

१) फेड-इन हे अलंकरण नसून काळाविषयीचे विधान आहे.
२) त्याचा कालावधी तयार न स्वीकारता प्रसंगाच्या लयीनुसार ठरवावा.
३) वर्तमान वास्तव दाखवताना थेट छेद अधिक प्रामाणिक ठरतो.
४) लघुपटांचे मूल्यमापन करताना 'हा अंधार कशासाठी?' हा प्रश्न प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला अवश्य विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्यापाशी असेल, त्याला फेड-इन वापरण्याचा अधिकार आहे. ज्याच्यापाशी ते नसेल, त्याने ती क्लिप एकदा फेडशिवाय लावून पाहावी. नळावरची ती बाई मग त्याला कदाचित प्रथमच स्पष्ट दिसेल.