नववीचे वर्ष कुणाच्या वाट्याला?

मराठी साहित्याने बालपणाकडे पुष्कळ लक्ष दिले आहे, तारुण्याकडे तर त्याहूनही अधिक. साने गुरुजींचा श्याम आणि प्रकाश नारायण संत ह्यांचा लंपन एका टोकाला उभे आहेत, तर दुसऱ्या टोकाला ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर आहे. ह्या दोहोंमधले तेरा ते सोळा वर्षांचे वय मात्र दीर्घकाळ उपेक्षितच राहिले. ही उणीव २००४ साली मिलिंद बोकील ह्यांच्या ‘शाळा’ ह्या कादंबरीने मोठ्या प्रमाणात भरून काढली. पुढे २०१२ च्या जानेवारीत सुजय डहाके ह्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट प्रदर्शित झाला आणि ज्यांनी पुस्तक हाती घेतले नव्हते, त्यांच्यापर्यंतही ही कथा पोहोचली. ‘ही तर आपलीच गोष्ट’ अशी दाद तिला सर्वत्र मिळाली. ह्या दादेतील ‘आपली’ ह्या शब्दात नेमके कोण कोण सामावते, हे तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ही कादंबरी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात बसून वाचावी, असे मी सुचवितो. पुण्यामुंबईत न पडणारे काही प्रश्न तेथे पडतात.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल ह्यांनी १९०४ साली किशोरावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळाचे वय, ही कल्पना रूढ केली. १९२८ मध्ये मार्गारेट मीड ह्यांनी सामोआ बेटांवरील मुलींचा अभ्यास प्रसिद्ध करून प्रतिपादन केले की, हे वादळ सर्वत्र सारखे नसते. समाज जसा असेल तसे हे वय घडते. त्यांच्या निष्कर्षांवर १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन ह्यांनी कठोर आक्षेप घेतले आणि तो वाद पुष्कळ गाजला. तथापि मूळ प्रश्न मागे राहिलाच : वादळ शरीरातून येते की समाजातून?

एरिक एरिक्सन ह्यांनी १९५० च्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ ह्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या लेखनात ह्या दोन्ही बाजू एकत्र आणल्या. ‘मी कोण?’ हा किशोरवयाचा मुख्य प्रश्न, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी समाजाने मुलाला काही मुदत द्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. ह्या मुदतीसाठी त्यांनी वापरलेला ‘मोरॅटोरियम’ हा शब्द मूळचा कर्जव्यवहारातला आहे. ऋणकोला देणे फेडण्यासाठी मिळालेली सवलत, असा त्याचा अर्थ. प्रौढपणाचे देणे काही काळ पुढे ढकलायचे आणि त्या अवधीत निरनिराळ्या भूमिका करून पाहायच्या, चुकायचे, पुन्हा उभे राहायचे. ज्याला ही मुदत मिळते, त्याला आपली ओळख सावकाश घडविता येते.

‘शाळा’ ही ह्या मुदतीची कादंबरी आहे. आणीबाणीचा काळ, लहानसे शहर आणि नववीत शिकणारा मुकुंद जोशी. तो स्वतःच आपली कथा सांगतो. घरातला मुकुंद, वर्गातला मुकुंद आणि मित्रांच्या टोळक्यातला मुकुंद अशा तीन निरनिराळ्या व्यक्ती आहेत, आणि त्यांतली खरी कोणती, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. लेखकाने हे कोठेही समजावून सांगितलेले नाही. मुलांच्या बोलण्याची धाटणी बदलत जाते, त्यावरून ते वाचकाच्या ध्यानी येते. त्यातही नरूमामा ही व्यक्तिरेखा मला विशेष महत्त्वाची वाटते. हा बाप नाही, शिक्षक नाही. पण वयाने मोठा आहे आणि मुकुंदाचे बोलणे न हसता ऐकून घेतो. किशोरवयीन मुलाला उपदेशकापेक्षा असा ऐकणारा माणूस हवा असतो, हे पालकांनी आणि आम्हा धर्मगुरूंनीही ह्या पात्राकडून शिकण्यासारखे आहे.

अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी सुऱ्या, चित्रे, फावड्या आणि मुकुंद ही चौकडीही अशीच खरी उतरली आहे. संत आगुस्तीन ह्यांनी आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या पेरूसारख्या फळांच्या, म्हणजे नासपतींच्या चोरीची हकीकत सांगितली आहे. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. एकटा असतो तर ती चोरी मी केलीच नसती, अशी कबुली ते देतात. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी संगणकावरील वाहन चालविण्याच्या खेळातून हीच गोष्ट प्रयोगाने दाखविली. सवंगडी शेजारी असले की किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा अधिक धोका पत्करतात. प्रौढांवर हा परिणाम फारसा दिसत नाही. बोकील ह्यांनी ह्या सोबतीतली मौज आणि तिच्यातला धोका दोन्ही सारख्याच समभावाने रंगविले आहेत. मुलांना दोषी ठरविण्याची घाई ते करीत नाहीत, हा त्यांच्या लेखणीचा मोठा गुण होय.

मग आक्षेप कोठे आहे? मुकुंदाला ही मुदत दिली कुणी, हा प्रश्न कादंबरीत उद्भवत नाही. त्याने कमवावे, अशी घरात कुणाची अपेक्षा नाही. अभ्यास करणे आणि पास होणे एवढेच त्याचे देणे. मुकुंदाच्या जगात हे इतके स्वाभाविक आहे की ते त्याला दिसत नाही, आणि त्याच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या वाचकालाही दिसत नाही.

ते दिसते नागराज मंजुळे ह्यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ ह्या चित्रपटात. जब्यादेखील शाळेतल्या एका मुलीवर, शालूवर, जीव लावून आहे. तोही मित्राबरोबर रानात भटकतो, काळ्या चिमणीच्या मागे लागतो, आरशात स्वतःला न्याहाळतो. परंतु तो कैकाडी कुटुंबातला आहे, आणि गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या बापाच्या गळ्यात पडते. ज्या शाळासोबत्यांसमोर त्याला नवी ओळख मिळवायची आहे, त्यांच्याच देखत त्याला डुकरामागे धावावे लागते. ‘मी कोण?’ ह्याचे उत्तर शोधण्याआधीच गावाने ते त्याच्या हाती दिलेले आहे. शेवटी त्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, ह्याचे कारण मला ह्यात दिसते. मुकुंद आणि जब्या ह्यांची मने सारखीच आहेत. मुदत मात्र एकालाच मिळाली आहे.

दुसरा आक्षेप शिरोडकरसंबंधी आहे. मुकुंदाच्या लेखी ती अखेरपर्यंत ‘शिरोडकर’च राहते. निवेदन मुलाचे असल्यामुळे ती बाकावरून, रस्त्यावरून, दुरूनच दिसणार, हे मान्य केले पाहिजे. ती शेवटी दुसऱ्या गावी निघून जाते, तेव्हा मुकुंदाची व्यथा आपल्याला पूर्णपणे कळते. तिची व्यथा काय होती, जाताना तिला काय वाटले, ह्याचा मात्र पत्ता लागत नाही. कथेच्या तंत्रात ही मर्यादा क्षम्य आहे. तथापि ‘आपलीच गोष्ट’ म्हणताना वर्गातला अर्धा भाग आपण हिशेबातच धरलेला नाही, हे समीक्षकांनी सांगावयास हवे होते.

आता सेनगावकडे येऊ. हा सोयाबीन आणि हळदीचा मुलूख, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचाही. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड निघते आणि हंगाम संपल्यावर परतते, म्हणजे नेमके शाळेचे दुसरे सत्र बुडते. वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवावे, हा आईबापांचा प्रश्न खोटा नसतो; आणि लग्न हे त्याचे सर्वांत जवळचे उत्तर असते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अस्तित्वात असतानाही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. परभणी आणि बीड ह्या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी ह्याच परभणीतून वेगळा झाला, हे येथे आठवावे.

एरिक्सन ह्यांचा कर्जव्यवहारातला शब्द येथे उपमा राहत नाही. घराने घेतलेल्या उचलीची फेड मुलीच्या किशोरवयातून होते. तिचे नववीचे वर्ष ‘शाळे’सारखे हुरहुर लावून संपत नाही, ते बहुधा सुरूच होत नाही. ह्या भागात स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात, त्यांचे महत्त्व ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. तेथे मुलांना भाकरी मिळते, त्याबरोबरच काही महिन्यांची मुदतही मिळते.

ह्यामुळे ‘शाळा’ उणी ठरते काय? मुळीच नाही. लेखकाने जे लिहिले नाही, त्याबद्दल त्याला जाब विचारणे ही समीक्षा नव्हे. उलट, त्याने मुकुंदाची मुदत इतक्या सच्चेपणाने रंगविली, म्हणूनच ती न मिळालेल्या मुलामुलींचे नुकसान किती मोठे आहे, ह्याचे माप आपल्याला सापडले. दोष आपल्या वाचनाचा आहे. एका मुलाच्या किशोरवयाला आपण सर्वांचे किशोरवय मानले.

धर्मग्रामातील कुटुंबांनी ही कादंबरी घरात अवश्य आणावी आणि मुलामुलींच्या हाती मोकळेपणाने द्यावी. त्यातील शब्दांना बिचकू नये. ते शब्द मुलांना आपल्या आधीपासून ठाऊक असतात. मुलीने पुस्तक वाचून संपविले की, शिरोडकरला काय वाटले असेल, असे तिला विचारावे आणि ती सांगेल ते नरूमामासारखे ऐकून घ्यावे. सेनगावच्या शिरोडकरची कादंबरी मराठीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती जिला लिहिता येईल, ती मुलगी आज कदाचित आठवीत असेल. तिला नववीत बसू द्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.