तत्त्व मोडलं की तत्त्व बदललं?

पक्षाने सरकारी तिजोरीतून पैसा घेतला की त्याने तत्त्व विकलं, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. इटलीतलं एक उदाहरण घेऊन हे तपासू या.

१९९३ साली तिथे सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी पक्षांचं सरकारी अनुदान बंद करा, असं सांगितलं. त्याच वर्षी 'निवडणूक खर्चापोटी' म्हणून पैसा पुन्हा सुरू झाला. नाव बदललं, तिजोरी तीच! पक्षांविषयीच्या अशा संतापावरच २००९ मध्ये विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो यांची 'पंचतारा चळवळ' उभी राहिली. आम्ही पक्ष नव्हे, ही तिची प्रतिज्ञा. आपल्या नियमावलीलाही तिने 'अ-घटना' म्हटलं. २०१३ च्या निवडणुकीत तिला जवळपास पाव मतं मिळाली, आणि सुमारे ४.२ कोटी युरो तिने नाकारले.

पुढे थेट अनुदान टप्प्याटप्प्याने रद्द झालं. त्याऐवजी करदात्याने आपल्या आयकरातला हजारी दोन हिस्सा पसंतीच्या पक्षाला द्यावा, अशी सोय झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चळवळीच्या सदस्यांनी ऑनलाइन मतदान करून हा पैसा घ्यायचं ठरवलं. सुमारे ७२ टक्के मतं बाजूने पडली.

समर्थक म्हणतील, हा नागरिकाने स्वेच्छेने दिलेला पैसा, सरकारचा कुठे? हे अर्धंच खरं आहे. करदात्याच्या खिशातून जादा काही जात नाही. तेवढी रक्कम तिजोरीत कमी पडते. म्हणजे निवड एकाची आणि भार सगळ्यांचा. शिवाय हा पैसा हवा तर कायद्याला मान्य होईल अशी घटना आणि पक्ष म्हणून नोंदणी हवी. 'आम्ही पक्ष नव्हे' म्हणणाऱ्यांना खरी किंमत मोजावी लागली ती इथे.

मग हे पाप झालं का? मला तसं वाटत नाही. सरकारी पैसा नको म्हटलं की धनिकांचा दरवाजा उघडा राहतो. आपल्याकडचे निवडणूक रोखे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, ते उगाच नाही. इंद्रजित गुप्ता समितीनेही १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना सरकारी मदत द्यावी, पण ती वस्तुरूपात, असं सुचवलं होतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. तत्त्व म्हणजे नुसता नकार नव्हे, नकारामागचं कारण. पक्ष राज्यावर अवलंबून राहिला की लोकांपासून तुटतो, हे कारण असेल, तर ते आता का लागू नाही, हे सांगायला हवं. कारणाला उत्तर देऊन भूमिका बदलली, तर तो विचार. उत्तर न देता बदलली, तर ती तडजोड. आणि बहुमताने ठराव होतो, कारणाचं उत्तर मिळत नाही.

तेव्हा पक्ष कोणताही असो, पैसा घेतला का, एवढंच विचारू नका. काल का नाकारला होता, हेही विचारा. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.