नदी नव्हे, हौद

खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात (सुरुवात २०१३) सहलीला जाऊन ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ करून आलेल्या मुलांना एक प्रश्न विचारावा : ही नदी उगम पावते कुठे? राजासॉरस खरा, गुजरातेतील राहिओलीच्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले. नदी मात्र खोटी.

अशा नौकाफेरीत हौदातले पाणी पंपाने उंच चढवतात. ते उथळ कालव्यातून नौका वाहून नेत पुन्हा हौदात येते. नौकेला सुकाणू नसते. बाजूची चाके काठांना टेकून तिला वळवतात. चढावर फिरता पट्टा तिला ओढतो, उतारावर गुरुत्वाकर्षण. उतार १० मीटर उंचीचा असेल, तर घर्षण सोडून वेग ताशी ५० किलोमीटर भरतो. तळाशी उडणारे पाणी हाच ब्रेक, कारण नौकेची ऊर्जा ते घेते.

आपल्या भंडारदऱ्याला (धरण १९२६ चे) पाणी उतरते तेव्हा वीज मिळते. इथे वीज खर्चून पाणी चढते. पारनेर-पाथर्डीची मुले विचारतील, “किती पाणी वाया जाते?” पाणी तेच फिरते, बाष्पीभवन, तुषार, गळती आणि सफाई यांपुरतीच भर लागते.

यंत्रे लपवणे हा करमणुकीचा धर्मच. त्यात दोष नाही. दोष आपला आहे. सहलीला ‘शैक्षणिक’ म्हणायचे आणि पंपघराकडे पाठ फिरवायची! आधी पत्र पाठवून ते दाखवण्याची विनंती करावी. नकार आला, तर शाळेत पन्हळ, बादली आणि कूलरचा पंप पुरे.