उपग्रहाला जंगल दिसतं का?

डेहराडूनची 'भारतीय वन सर्वेक्षण' ही संस्था १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहचित्रांच्या आधारे वनस्थिती अहवाल काढते. काम मोठं आहे. पण त्यातली 'वनाच्छादना'ची व्याख्या बघा: जागा किमान एक हेक्टर, झाडांचं छत्र किमान १० टक्के. झाड कोणतं, जमीन कोणाची, हा प्रश्नच नाही. म्हणजे कोकणात एखादी देवराई तुटली आणि तिथे काजूची बाग वाढली, की आकडा पुन्हा जागेवर! दोष कॅमेऱ्याचा नव्हे. काय मोजायचं ते आपण आधी ठरवतो. तो तेवढंच दाखवतो. आकडा खोटा नाही, पण त्यावरून 'जंगल टिकलं' हा निष्कर्ष निघत नाही. तो काढायचा, तर नकाशा घेऊन गावात जावं आणि विचारावं: इथे आधी काय होतं?